आईचा स्विमिंग कॉस्च्युम

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं तरी दंड भरावा लागायचा, आणि मराठीच्या तासाला 'माझा आवडता प्राणी'च्या पुढे आमची गाडी कधी गेली नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. मागच्या वर्षी मी इंग्लिश विभागात लिहिलं होतं. हा लेख मात्र घरी नेऊन आईला मोठ्याने वाचून दाखवायचा आहे, म्हणून मराठी.

विषय आहे स्विमिंग कॉस्च्युम. हसू नका. आणि बॉइज हॉस्टेलवाल्यांनो, लेडीज मॅटर म्हणून पान उलटू नका. आई तुम्हालाही आहे.

माझी आई सांगलीची. कृष्णेच्या काठावर वाढलेली. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून तिला मामाने नदीत ढकललं, आणि आठवड्याभरात डबा सुटला, असं ती अभिमानाने सांगते. लग्न होऊन पुण्याला आली तरी पोहणं सुटलं नाही. सकाळी महिलांच्या बॅचला टँकवर जायचं, तिथून थेट भाजी घेऊन यायचं. तिच्या ओल्या वेणीचा आणि कोथिंबिरीचा एकत्र वास ही माझी लहानपणची सकाळ.

मी फर्स्ट इयरला असताना, ऐन पी.एल.मध्ये, तिच्या हाताला डाव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं तिला वाटलं. खरं तर अशी गाठ बरेचदा दुखतच नाही, हे मला आता माहीत आहे. ती कोणालाच बोलली नाही, कारण माझे पेपर होते. घरात डॉक्टर, तपासण्या, रडारड सुरू झाली तर पोरीचं लक्ष उडेल. एम-टूला मला ४१ मार्क पडले. त्या ४१ मार्कांसाठी आईने नऊ आठवडे ती गाठ अंगावर काढली. आधी आली असती तर ऑपरेशन लहान झालं असतं का, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "तसं आता सांगता येणार नाही. आणि तू हे डोक्यात ठेवू नकोस." ठेवायचं नाही म्हटलं की जातं थोडंच?

जूनमध्ये डावा स्तन पूर्ण काढला. हा शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. शाळेत बायॉलॉजीच्या मिस त्या पानावर आल्या की "रीड अॅट होम" म्हणायच्या. घरी आई 'ते' म्हणायची. शेजारच्यांना आम्ही 'छोटं ऑपरेशन' सांगितलं. मीसुद्धा रूममेटला 'चेस्ट प्रॉब्लेम' म्हणाले होते, आणि तिने बिचारीने आईसाठी अडुळशाचं सिरप दिलं!

नंतर केमो झाले, रेडिएशन झालं, केस गेले आणि परत आले, आधीपेक्षा कुरळे. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, त्यामुळे डावा हात वर जात नसे. व्यायाम दिला होता, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. जिथपर्यंत बोटं पोचतील तिथे बाबा पेन्सिलने खूण करायचे. त्याच भिंतीवर माझ्या लहानपणच्या उंचीच्या खुणा आहेत. आईची खूण माझ्या चौथीतल्या उंचीपासून सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत दहावीच्याही वर गेली.

हात वर गेला, पण आई टँकवर गेली नाही. कॉस्च्युम कपाटात खालच्या खणात तसाच राहिला. विचारलं की म्हणायची, "आता कुठे त्या क्लोरीनमध्ये जायचं?"

या डिसेंबरमध्ये, माझी पाचवी सेमिस्टर संपल्यावर, मामा-मावशीकडच्या सगळ्यांनी मिळून तारकर्लीला जायचं ठरवलं. आई म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी घर सांभाळते." दोन खोल्यांच्या फ्लॅटला काय सांभाळायचं असतं? रात्री मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की तिला समुद्राची भीती नव्हती, रात्रीची होती. तिथे सगळ्या बायका एका हॉलमध्ये झोपणार. दिवसा साडीत पदर सांभाळून घेतो, पंजाबी ड्रेसवर ओढणी असते. रात्री गाऊनवर काय घ्यायचं? आणि पाण्यात? ओलं कापड काही झाकत नाही, उलट चुगली करतं.

मग मी ठरवलं की हा आपला मिनी प्रोजेक्ट. मी सिव्हिलची, आणि प्रश्नही सिव्हिलचाच होता. एका बाजूचं वजन गेलं की दुसऱ्या बाजूचं शरीराला ओढतं, खांदा वाकडा होतो, पाठ भरून येते. आम्ही याला एक्सेंट्रिक लोड म्हणतो आणि त्यावर आठ मार्कांचं गणित असतं. आईला ते गणित रोज उभ्या-उभ्या सोडवावं लागत होतं.

पहिला प्रयत्न बाजारात. एका मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवर पुरुष. आई माझ्या मागे. मी म्हटलं, "आईसाठी कॉस्च्युम हवाय, गळा वरपर्यंत आणि मुंढा लहान." तो आईकडे बघून म्हणाला, "काकू पोहणार?" आणि मुलांच्या सेक्शनकडे बोट दाखवून हसला. त्याला काही माहीत नव्हतं, त्याचा तेवढा दोष नाही. पण आई काही न बोलता पायऱ्या उतरली. त्या दिवशी आम्ही नुसताच उसाचा रस पिऊन घरी आलो.

दुसरा प्रयत्न सर्जिकल सामानाच्या दुकानात. तिथल्या ताई मात्र फार चांगल्या. त्यांनी पडदा ओढला, आईला बसवलं आणि चार प्रकार समोर मांडले. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन हाताला खऱ्यासारखा लागतो आणि वजनालाही साधारण तसाच, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या होतात. पण खारं पाणी आणि क्लोरीन त्याला मानवत नाही, गेलंच तर लगेच गोड्या पाण्याने धुवावं लागतं. पोहण्यासाठी पारदर्शक, हलका असा वेगळा मिळतो. किंमत ऐकून मी मनात मेसच्या बिलाचे महिने मोजले. आणि तो नुसता घेऊन भागत नाही. तो जागेवर राहायला कपड्याला आतून खिसा लागतो.

घरी आईकडे तोपर्यंत आजीने शिवून दिलेली सुती उशी होती, आत मोहरी भरलेली. वजन बरोबर येतं म्हणून मोहरी. मी म्हटलं, "हीच घालून पाण्यात गेलीस तर?" आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चार दिवसांनी मोड येतील गं!" आणि हसत सुटली. ऑपरेशननंतर मी तिला असं पोट धरून हसताना पहिल्यांदा पाहिलं.

नंतर बादलीत प्रयोग झाला. फोमची एक वाटी किचनच्या काट्यावर ठेवली, कोरडी ३५ ग्रॅम. बादलीत सोडली तर तरंगत वर. म्हणजे खिसा नसेल तर समुद्रात ती गळ्यापर्यंत येणार, आर्किमिडीजची कृपा! दाबून भिजवली आणि बाहेर काढली, २१० ग्रॅम. गंमत बघा, भिजलेला फोम पाण्यात असेपर्यंत जवळजवळ वजनच लागत नाही. पाण्यातून बाहेर पाऊल टाकलं की सगळं वजन एकदम येतं, आणि पाणी गळत राहतं. म्हणजे नेमकं सगळ्यांच्या समोरून चालत येताना. फोम बाद. आम्ही पोहण्याचा हलका सिलिकॉनचा घेतला. बाबांनी किंमत विचारलीच नाही, फक्त "पावती जपून ठेव" म्हणाले.

या सगळ्याबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली, ती सांगायलाच हवी. १९५९ साली बार्बी बाहुली बाजारात आणणाऱ्या रूथ हँडलर यांना १९७० मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला आणि त्यांचा एक स्तन काढावा लागला. बाजारात मिळणारे कृत्रिम स्तन त्यांना पसंत पडेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच चांगले बनवायला घेतले आणि 'निअरली मी' नावाने विकले. लहानपणी माझ्याकडे बार्बी होती. तिच्या कमरेवर आम्ही किती जळायचो! तिला जन्म देणाऱ्या बाईलाही माझ्या आईसारखंच दुकानात उभं राहावं लागलं असेल, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

तिसरा आणि शेवटचा प्रयत्न आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या काकूंकडे. आईचे ब्लाउज वर्षानुवर्षं त्याच शिवतात, त्यामुळे त्यांना काही न सांगता सगळं माहीत होतं. त्यांनी टेप घेतली, दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी लिहिली आणि तोंडात टाचण्या धरून म्हणाल्या, "गळा दोन बोटं वर घेऊ. मुंढा चढवू. आतून अस्तराचा खिसा, तोंड बाजूला. सुती कापड नको हं, पाणी पिईल. लायक्राचा तुकडा आण." दुकानात लायक्राचा तुकडा कोण देणार? शेवटी माझा सातवीतल्या समर कॅम्पचा कॉस्च्युम सापडला, निळा, मागे आसन विटलेलं पण पोटाकडचं कापड ठणठणीत. तो कापला. ताणला तर तुटू नये म्हणून काकूंनी झिगझॅग टीप घातली.

बाकीची तयारीही त्यांनीच सुचवली. रात्रीसाठी पुढून बटणं असलेला सैल कुडता, कारण डोक्यावरून घालायला हात अजून थोडा अडतो. त्याला आतून खिसा आणि त्यात हलकी कापसाची उशी, झोपताना वजन नको म्हणून. ब्लाउजच्या डाव्या बाहीची शिवण उसवून सैल केली, कारण त्या हाताला आवळून काही चालत नाही, सूज येऊ शकते. बांगड्याही आता उजव्या हातातच. उन्हासाठी लांब बाह्यांचा सुती शर्ट, बाबांचाच. आणि गाडीतला सीट बेल्ट नेमका डाव्या बाजूला घासतो, तिथे ठेवायला एक छोटी उशी.

ट्रायलला आईने मला आत बोलावलं. मागची चेन तिला लावता येत नव्हती. दीड वर्षात मी ती जागा पाहिली नव्हती. तिने दाखवली नव्हती आणि मी विचारलं नव्हतं. आडवी, फिकट, काखेपर्यंत गेलेली रेघ. मी मनात काहीतरी भयंकर धरून बसले होते. तसं काही नव्हतं. माझ्या आईची कातडी होती, आणि त्यावर एक शिवण. मी चेन लावली. आई आरशात बघून म्हणाली, "गळा जरा जास्तच वर झाला का गं?" म्हणजे कॉस्च्युम पसंत पडला होता.

तारकर्लीला पहिल्या दिवशी ती काठावर पाय बुडवून बसली. मावशी, मामी सगळ्या पंजाबी ड्रेसमध्येच पाण्यात खिदळत होत्या. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला हलवून उठवलं. किनाऱ्यावर दोन-चार कोळी आणि त्यांची कुत्री सोडून कोणी नव्हतं. आईने बाबांचा शर्ट काढून माझ्या हातात दिला, कमरेपर्यंत गेली, लाटेला पाठ दिली, आणि पुढच्या लाटेला पोहायला लागली. डावा हात उजव्यापेक्षा थोडा कमी उचलला जात होता, म्हणून ती जराशी तिरकी जात होती. वळून सरळ व्हायची, पुन्हा तिरकी. वीसेक मिनिटं. मी शर्ट धरून उभी होते. रडले वगैरे नाही. म्हणजे, फार नाही.

बाहेर आली ती थेट, घाईने टॉवेलही न मागता. सगळं जागच्या जागी होतं. एक सिव्हिल इंजिनिअर म्हणून मला त्याचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

खरी गोष्ट मात्र त्यानंतर घडली. आमच्याकडे बायकांचे आतले कपडे कसे वाळतात, ते तुम्हाला माहीत आहे. परकराखाली, टॉवेलखाली, कोणाला दिसू नयेत असे. आमच्या लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवरही तसेच वाळतात, आणि पावसाळ्यात कुबट वास मारतात. आईने कॉस्च्युम गोड्या पाण्यात खळबळून काढला आणि अंगणातल्या दोरीवर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, उलटा करून टाकला. मी म्हटलं, "आई, अगं खिसा दिसतोय." ती चिमटा लावत म्हणाली, "दिसू दे. खिसा वाळायला नको?"

घावणे खायला मामी आली, तिने तो निळा खिसा पाहिला, थबकली. आईने तिला सगळं सांगितलं, शब्द न गाळता. मामी ऐकत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "वन्सं, मलाही उजवीकडे काहीतरी लागतंय. तीन महिने झाले. पोराची बारावी आहे म्हणून..."

आईने तिचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. तारकर्लीहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी ती स्वतः मामीला घेऊन तपासायला गेली. मामीची गाठ साधी निघाली, काळजीचं काही नव्हतं. पण ती साधी आहे हे तपासल्यावर कळलं, आधी नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एवढंच. या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा 'जेवलीस का'च्या पुढे एक प्रश्न विचारा. विचारायला लाज वाटेल, मला वाटली होती. आणि घरी सांगून ठेवा की आमचे पेपर दर सहा महिन्यांनी येतातच, केटी लागली तरी पुन्हा देता येते. त्यासाठी तू थांबू नकोस.