मागे म्हणणारा

माझ्या डिग्रीवर ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ असं छापलेलं आहे. २००५ साली नागपूर विद्यापीठाला हे नाव मिळालं तेव्हा मी शाळेत होतो. पुढे या नावाशी माझी काय गाठ पडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती. मी तोतरा बोलतो. ‘र’वर आणि ‘त’वर सगळ्यात जास्त अडकतो. पुण्यात पहिल्या मुलाखतीत विचारलं, युनिव्हर्सिटी कोणती? मी ‘र’वर इतका वेळ उभा राहिलो की समोरच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. शेवटी ‘नागपूर’ एवढंच म्हणून मोकळा झालो.

२०२० साली लॅपटॉप घेऊन अर्जुनी मोरगावला घरी आलो आणि राहिलोच. कॉलवर कॅमेरा बंद, माइक बंद, जे सांगायचं ते चॅटमध्ये टाइप करायचं. सहा महिन्यांत टीममधल्या एका मुलीने विचारलं की तुझा माइक खराब आहे का. मी ‘हो’ असं टाइप केलं.

मंडळात गेलो तो आजीमुळे. रोज सूर्य बुडाला की आजी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जाते. पावसाळ्यात रस्त्यावर चिखल, त्यात लाईट गेलेली, म्हणून टॉर्च घेऊन मी सोबत जायला लागलो. पहिले काही दिवस बाहेर ओट्यावर मोबाइल बघत बसलो. मग डास फार चावायला लागले म्हणून आत गेलो. भक्तिभाव वगैरे नंतरची गोष्ट.

आत मूर्ती नाही. पांढऱ्या कापडाचं अधिष्ठान, त्यासमोर रांगा. एकीकडे बाया, एकीकडे माणसं, पुढे पोरं. सगळे एका आवाजात म्हणतात. वेगवेगळ्या पट्ट्यांतले सूर एकमेकांवर रचणारा हा वृंद नव्हे. एकच चाल, जो तो आपापल्या घशाला झेपेल त्या उंचीवर धरतो. कोणी अर्धी मात्रा मागे असतो, कोणी पुढे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मीही म्हणायला लागलो आणि बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की आपण कुठेच अडकलेलो नाही.

हे मला माहीत असायला हवं होतं. पुण्यात स्पीच थेरपीला चार-पाच वेळा गेलो होतो. तिथल्या मॅडम माझ्यासोबत एकच परिच्छेद मोठ्याने वाचायच्या आणि मी वर्तमानपत्राच्या निवेदकासारखा घडाघडा वाचायचो. त्या थांबल्या की मीही थांबायचो. तोतरं बोलणारी बहुतेक माणसं दुसऱ्यासोबत एका वेळी बोलताना अडकत नाहीत, गातानाही अडकत नाहीत. ही जुनीच, अनेकदा तपासलेली गोष्ट आहे. त्यावर यंत्रंही निघाली. तुमचाच आवाज क्षणभर उशिरा तुमच्या कानात सोडायचा, म्हणजे मेंदूला वाटतं सोबत कोणीतरी आहे. मी तसं एक ॲप वापरलंही होतं. एकट्याचं भजन मंडळ. आठवडाभर चाललं, मग मेंदूला फसवणूक कळली असावी.

इथे तीस खरे आवाज होते.

गुरुवारी प्रार्थनेनंतर खंजिरीवर भजनं होतात. खंजिरीवाले मामा साठीच्या पुढचे, दिवसा धानाच्या बांधीत, संध्याकाळी इथे. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडतं, म्हणून ते आधी चुलीजवळ शेकून आणतात. महाराजांनी ही खंजिरी १९५५ साली जपानच्या परिषदेत वाजवली होती, हे त्यांनी मला पहिल्याच गुरुवारी सांगितलं, जणू ते स्वतः शेजारी बसले होते. एक जण ओळ सोडतो, बाकीचे मागे म्हणतात. मी मागे म्हणणारा. सात-आठ महिने मी अतिशय सुखात मागे म्हणत होतो.

कॉलेजात युवा महोत्सवाच्या समूहगानात भाग घेतला नव्हता, कारण नाव नोंदवताना नाव सांगावं लागतं. इथे कोणी नाव विचारलंच नाही. आजीचा नातू, झालं.

मग पुण्यतिथीचा कार्यक्रम आला. आश्विन वद्य पंचमी, हलका धान कापायला आलेला. पुढे म्हणणाऱ्या काकांचा घसा बसला होता. मामा म्हणाले, “बाबू, हे भजन तू म्हनजो.” मी नको म्हणायच्या आत खंजिरी सुरू झाली.

भजन नीट झालं. नीटच होणार होतं. मी विसरलो ते शेवटचं. भजन म्हणणाऱ्यानेच जयघोष द्यायचा असतो आणि जयघोषाला चाल नसते. समोर अडीचशे माणसं, हातात माइक, आणि पहिलं अक्षर ‘र’.

जीभ टाळूला लागली ती सुटेना. माइकमधून नुसता घशाचा आवाज येत होता. पुढच्या रांगेतली दोन पोरं हसली. शेवटी मागून कोणीतरी जयघोष पूर्ण केला, सगळे ‘जय’ म्हणाले, आणि मी माइक ठेवून चप्पल शोधायला लागलो. मदतच केली त्याने, पण त्याचा राग मला कितीतरी दिवस होता.

त्या रात्री मी आजीला म्हणालो, उद्यापासून टॉर्च घेऊन तू एकटी जा. आजी भात कालवता कालवता म्हणाली, “महाराजांचे गुरू कोन होते, मालूम हाये ना? अडकोजी.” वरखेडचे अडकोजी महाराज. यावर हसावं की रागवावं ते मला कळलं नाही. तिला मात्र फार हसू आलं. ठसका लागेपर्यंत हसली.

पंधरा दिवस गेलो नाही. ओट्यापर्यंत सोडायचो आणि परत यायचो. मग एका गुरुवारी मामा ओट्यावरच उभे. “काहून येत नाही जी?” मी सांगायला लागलो आणि ‘त्या दिवशी’च्या ‘त’वरच अडकलो. ते थांबले. माझं वाक्य पूर्ण करायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, दुसरीकडे पाहिलंही नाही. बांधीत पाणी भरेपर्यंत माणूस जसा उभा राहतो तसे उभे होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, “मग? लोक का पळून चालले होते?”

मी आत गेलो. भजन झालं, जयघोषाची पाळी माझ्यावर आली. आलीच, म्हणजे त्यांनी आणली. मी ‘र’वर अडकलो. मामांनी खंजिरी मांडीवर उलटी ठेवली. मागून कोणी बोललं नाही. आधीच सगळ्यांना बजावलेलं असणार. आजी बायांच्या रांगेत डोळे मिटून बसली होती. बाहेर एक ट्रॅक्टर येऊन गेला. मग ‘राष्ट्रसंत’ निघालं, ‘तुकडोजी’ला पुन्हा थोडं थांबलो, पुढचं सरळ गेलं.

साडेसातला कॉल होता. घरी पोचलो तर लाईट गेलेली. मोबाइलच्या नेटवर जॉइन झालो आणि माइक सुरू करून सांगितलं की आज पाच मिनिटं उशीर झाला. त्याला जरा वेळ लागला. त्या मुलीने विचारलं, नवीन माइक घेतलास का?