बोर्निओची हिरवी पट्टी

मंडळी, मुलगी सिंगापूरला असते, तिच्याबरोबर आठवडाभर बोर्निओला जाऊन आले. फोटो तिने सगळ्या नातेवाईकांना पाठवलेच आहेत. तेव्हा फोटोत न आलेलं तेवढं लिहिते.

बोर्निओ म्हणजे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. विषुववृत्त त्याच्यामधून जातं आणि मलेशिया, इंडोनेशिया व इवलंसं ब्रुनेई अशा तीन देशांत ते विभागलंय. भूगोलाच्या तासाला हे किती वर्षं घोकून घेतलं असेल! आम्ही गेलो मलेशियातल्या साबा राज्यात. ४,०९५ मीटर उंचीचा किनाबालू पर्वत खालूनच पाहिला (गुडघे!). रॅफ्लेशियाचं अवाढव्य फूल काही नशिबात नव्हतं. त्याला ना पान, ना खोड. दुसऱ्याच्या वेलीवर पोसायचं, आठवडाभर फुलायचं आणि काळं पडायचं.

सेपिलोकला मात्र ओरांगउटान मनसोक्त पाहिले. आईवेगळी झालेली पिल्लं तिथे १९६४ पासून सांभाळतात. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल. पिल्लू सहा-सात वर्षं आईजवळ राहून शिकतं, म्हणजे आपल्या पहिलीच्या वयापर्यंत. इथे ती शाळा माणसांना चालवावी लागते. मी मास्तरीण, तिथून हलेचना.

पुढे सुकाऊ गावी गेलो. दोनेक तासांच्या रस्त्यात तेल-पामचे मळे, नुसते मळे. संध्याकाळी किनाबातांगन नदीत होडी घातली आणि हरखूनच गेले. लांब नाकाची ढेरपोटी माकडं फांदीफांदीवर. झोपायला ती काठच्या झाडांवर येतात. डोक्यावरून धनेश जोडीने गेले. पंखांचा तो आवाज कोकणातल्या माणसाला ओळखीचा. लेक म्हणाली, "आई, किती भरलेलं जंगल आहे ना!"

होडीवाला म्हणाला, "दुसरीकडे जागाच नाही, म्हणून इथे दिसतात."

मग नीट पाहिलं. काही ठिकाणी काठाची झाडी इतकी विरळ की पलीकडच्या पामच्या रांगा दिसतात. २००५ साली सुमारे २६,००० हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं, पण तेही तुकड्यातुकड्यांत. हत्ती एका तुकड्यातून दुसऱ्यात निघाले की वाटेत मळा, आणि पामचे कोवळे कोंब त्यांना फार आवडतात. भांडण ठरलेलंच.

पामला नावं ठेवणं सोपं आहे हो. पण तेवढ्याच जमिनीत तो सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतो, आणि तिथल्या अनेकांची चूल त्यावरच पेटते. शिवाय जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश कोणता? आपलाच! रेशनच्या पामोलिनसाठी डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माझ्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. आता रांग नाही, बिस्किटांतून आणि फरसाणातून ते घरी येतं. ओरांगउटानचे फोटो पाहून 'कित्ती गोड' लिहिणाऱ्या भाचरांनी एकदा पुड्यामागची बारीक अक्षरंही वाचावीत.

एक बरं पाहिलं. नदीकाठच्या गावातल्या बायका रोपं लावून हे तुटलेले तुकडे सांधायला बघताहेत. झाड वाढेपर्यंत गवत-वेली काढत राहायचं, हेच मोठं काम.

कुणी जाणार असाल तर गावातल्या घरीच मुक्काम करा, पैसा तिथेच राहतो. आणि जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे न्या. माझे लेकीने घातले, मी काठावर बसून राहिले.