चोविसावा हिस्सा

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर सध्यां शेक्सपिअरला जागा नाहीं. त्याला खिडकींत बसवून मीं त्याच्या जागीं एक लांकडी फळी, दोन कानशी, एक चिमटा, पॉलिश पेपरचे तुकडे आणि एक अर्धवट मोटार मांडली आहे. पन्नाशी उलटलेल्या इंग्रजीच्या प्राध्यापकानें रात्रीं दहा वाजतां दिवा डोळ्यांशीं ओढून मोटारीच्या दाराची मूठ घाशीत बसावें, हें दृश्य आमच्या घरांत प्रथम कौतुकाचें, मग विनोदाचें आणि अखेर सहनशीलतेचें झालें. "नातवंडें व्हायच्या आधींच खेळणीं आलीं," एवढेंच काय तें माझी पत्नी म्हणाली. एखाद्या विद्यार्थ्यानें अवेळीं दार वाजविलें तर मी अजूनहि त्या फळीवर वर्तमानपत्र टाकतों. उत्तरपत्रिका तपासतांना सांपडण्यांत प्रतिष्ठा आहे. चिमट्यानें आरसा बसवितांना सांपडण्यांत ती आहे किंवा कसें, याविषयीं माझें मन अजून निःशंक झालेलें नाहीं.

आमच्या मंडळींपुढें मात्र 'खेळणें' हा शब्द काढण्याची सोय नाहीं. खेळण्याला चाकें असलीं कीं पुरे. प्रतिकृतीला प्रमाण लागतें. हीं प्रमाणेंहि कोणा गणित्यानें बसून ठरविलेलीं नाहींत. चोवीस हा आंकडा फुटाला अर्धा इंच या साध्या हिशेबांतून आला. त्रेचाळीस हा त्याहून चमत्कारिक आंकडा खेळण्यांतल्या आगगाड्यांनीं दिला. त्यांत फुटाला सात मिलिमीटर धरीत, आणि फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यांतून १९३४ पासून 'डिंकी' या नांवानें निघूं लागलेल्या मोटारी मुळांत त्या आगगाड्यांना सोबत म्हणून जन्मल्या होत्या. आगपेटीएवढ्या मोटारींचा उगम तर एका शाळेच्या नियमांत आहे असें सांगतात. आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें शाळेंत आणावें असा तो नियम, आणि म्हणून जॅक ओडेल नांवाच्या इंग्रज कारागिरानें आपल्या मुलीसाठीं पितळेचा एक चिमुकला रोडरोलर घडविला. अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागानें १९३० पासून १९६८ पर्यंत मुलांसाठीं एक स्पर्धा चालविली होती. हातानें घडविलेल्या उत्तम प्रतिकृतीबद्दल कॉलेजच्या शिक्षणाची शिष्यवृत्ति मिळे. ही माहिती मीं घरांत दोनदां, वेगवेगळ्या निमित्तानें, सांगितली. फारसा उपयोग झाला नाहीं.

माझ्या फळीवरची मोटार म्हणजे फियाट अकराशें, 'डिलाइट'. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून ती निघूं लागली, पुढें तिचें नांव प्रीमियर पद्मिनी झालें, आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषांत तिनें मुंबईच्या कित्येक पिढ्या इकडच्या तिकडे पोंचविल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. तिची वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. ती बातमी वाचली त्याच संध्याकाळीं मीं पांढऱ्या प्लॅस्टिकचे पत्रे विकत आणले. आमची फियाट टॅक्सी नव्हती. ती वाईच्या एका डॉक्टरची, म्हणजे माझ्या वडिलांची होती. अण्णांनीं ती १९७६ सालीं दुसऱ्या हातानें घेतली. नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे, आणि रोगी थांबत नसत. पसरणीच्या घाटांत तिचें पाणी उकळे. मग अण्णा बोनेट उघडून बाजूच्या दगडावर बसत आणि तिची समजूत पटेपर्यंत वर्तमानपत्र वाचीत.

लहान करणें म्हणजे भागाकार करणें, अशी माझी आरंभीं समजूत होती. मोटारीची लांबी ३९३० मिलिमीटर; चोविसांनीं भागा, १६४ येतात. पुढच्या व मागच्या चाकांतलें अंतर २३४०, भागा, साडेसत्त्याण्णव. येथपर्यंत सारें सरळ. पण सुमारें नऊशें किलो वजनाला चोविसांनीं भागून चालत नाहीं. चोविसाच्या घनानें, म्हणजे १३,८२४ नें भागावें लागतें, आणि उत्तर येतें पासष्ट ग्रॅम. एका मोठ्या लिंबाएवढें! खऱ्या मोटारीवरचा रंगाचा थर असतो मिलिमीटरच्या एक दशांशाइतका; त्याचा चोविसावा हिस्सा कोणत्या कुंचल्यानें लावावा? त्यामुळें प्रतिकृतीवर रंग नेहमींच जाड होतो, कडा बुजतात, दारांच्या फटी भरून येतात, आणि मोटार कांबळें पांघरल्यासारखी दिसूं लागते. चकचकीत पट्ट्यांना तर रंग मुळींच चालत नाहीं. तेथें पेढ्यावरच्या वर्खासारखा धातूचा पातळ वर्ख ठेवून काडीनें दाबीत जावें लागतें. मी बंपरवर वर्ख चढवितों तेव्हां आमच्या घरांत पंखा बंद असतो आणि कोणी शिंकत नाहीं.

छटेची गोष्ट याहून मजेची. खऱ्या मोटारीचा रंग जसाच्या तसा लहान आकारावर लावला तर तो गडद आणि खोटा दिसतो. त्यांत थोडा पांढरा मिसळून तो मुद्दाम फिका केला म्हणजे डोळ्यांना खरा वाटतो. खरें दिसण्यासाठीं थोडें खोटें मिसळावें लागतें, हें मी वर्गांत कवितेविषयीं वर्षानुवर्षें सांगत आलों आहें. पटलें मात्र आकाशी रंगाच्या डबींत कुंचला बुडविल्यावर.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही पांचसात जण पुण्यांत सदाशिव पेठेंतल्या एका गच्चीवरच्या खोलींत जमतों. खोली एका निवृत्त बँक-कॅशिअरांची आहे. ते फक्त एस. टी. च्या गाड्या करतात, आणि प्रत्येक गाडीच्या टपावर सामान बांधतात. एका वळकटीसाठीं त्यांनीं आपल्या जुन्या धोतराचा कांठ कापला होता. अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी येते. ती मोटारींच्या पुढच्या जाळ्या यंत्रावर छापून आणते आणि आमच्या कानशींकडे करुणेनें पाहते. आणि एक मिस्त्री आहेत. चाळीस वर्षें त्यांनीं खऱ्या मोटारींचे ठोकलेले पत्रे सरळ केले. आतां हात कांपतो म्हणून ते कांहीं करीत नाहींत, नुसते पाहतात. त्यांना 'चांगलें आहे' हे दोन शब्द येत नसावेत असा आमचा तर्क आहे. आमच्या गप्पा ऐकून परका माणूस जिना उतरून जाईल. दाराच्या मुठीखालीं बोटांसाठीं खळगा होता कीं नव्हता यावर तासभर वाद होतो. ज्या जुन्या फियाटला लोक 'डुक्कर' म्हणत, तिचीं पुढचीं दारें उलट्या दिशेनें उघडत. या एका गोष्टीवर कॅशिअर आणि मिस्त्री आजवर तीनदां भांडले आहेत, आणि तिन्ही वेळां दोघांचें म्हणणें एकच होतें.

एका रविवारीं मीं माझी मोटार लुकण घासून, पांढरें अस्तर देऊन नेली. मिस्त्रींनीं ती तळहातावर घेतली, डोळ्यांच्या रेषेंत धरली आणि विचारलें, "सर, ही कारखान्यातून निघाली तेव्हाची, की तुमच्या वडिलांनी चालवली तेव्हाची?"

मीं म्हटलें, "कारखान्यांतली. कोरी."

"मग वडिलांची कुठली?"

हा वाद आमच्यांत जुनाच आहे. एक पक्ष म्हणतो, प्रतिकृतीवर चिखल, गंज, ओरखडे दाखविणें म्हणजे प्रमाण चुकलें तें झांकणें होय; दुसरा म्हणतो, न वापरलेली मोटार ही मोटारच नव्हे. मी पहिल्या पक्षाचा. तरी त्या दिवशीं मीं बोलून गेलों कीं आमच्या गाडीच्या डाव्या मागच्या मडगार्डाला एक पोचा होता. कशाचा, असें कॅशिअरांनीं विचारलें. "ऊसाची बैलगाडी घासून गेली," मीं सांगितलें.

तीं अक्षरें माझ्या तोंडून इतकीं सहज निघालीं कीं माझें मलाच नवल वाटलें. १९८४ च्या थंडींत, चौदाव्या वर्षीं, मीं तीं प्रथम उच्चारलीं होतीं. दुपारीं अण्णा झोंपले असतां मीं खुंटीवरची किल्ली काढली, दवाखान्यासमोरच्या बोळांत उभी असलेली गाडी सुरू केली, आणि पुढें जाण्याऐवजीं ती हिसका देऊन मागें गेली. मागें विजेचा खांब होता. गाडी पुन्हां होती तेथें आणून उभी करण्याइतकी अक्कल मात्र मला कोठून आली कोण जाणे. अण्णा उठले तेव्हां मीं बैलगाडीची गोष्ट सांगितली. त्या दिवसांत बोळांतून ऊसाच्या गाड्या जातच होत्या. ते बाहेर आले, मडगार्डापाशीं वांकले, पोच्यावरून अंगठा फिरविला. "भरलेली होती का रे गाडी?" मीं 'हो' म्हटलें. "बरं," ते म्हणाले. त्यानंतर किल्ली खुंटीवर राहीनाशी झाली. ती त्यांच्या कोटाच्या खिशांत असे. हंगामांत परकी माणसें फार येतात म्हणून, असें आई म्हणाली. १९८९ मध्यें गाडी विकली तेव्हांहि पोचा तसाच होता. अण्णा जाऊन आतां सोळा वर्षें झालीं.

त्या रविवारच्या रात्रीं मीं पोचा करावयास घेतला. खरा पोचा वीतभर लांब आणि अंगठा बसेल इतका खोल होता. भागाकार केला: लांबी साडेनऊ मिलिमीटर, खोली एक. पोलादी सळईचें गोल टोंक मेणबत्तीवर तापवून मीं तें मडगार्डावर टेकलें. तेथपर्यंतच्या साऱ्या कामांत मीं छायाचित्रें लावून, मापें घेऊन, विचारून विचारून पुढें गेलों होतों. या एका जागेसाठीं मला कांहीं पाहावें लागलें नाहीं. हात आपणहून तेथें गेला, आणि आपणहून थांबला.

पुढच्या महिन्यांत मोटार आकाशी रंगाची होऊन गच्चीवर गेली. विद्यार्थिनीनें भिंग लावून जाळी तपासली. कॅशिअरांना आंतलें स्टिअरिंगच्या दांड्यावरचें गिअर आवडलें. मिस्त्रींनीं ती उलटसुलट केली आणि मागचा डावा कोपरा उजेडाकडे धरला.

"सर, पोचा चुकला."

मीं सांगितलें कीं तो अगदीं तसाच होता.

"बैलगाडीच्या चाकाचा तुंबा लागला तर आडवा ओरखडा येतो, पत्रा पुढून मागे ओढला जातो. हा उभा आहे. आणि मागून पुढे दबलाय." त्यांनीं करंगळीचें नख त्या साडेनऊ मिलिमीटरांवरून वरून खालीं फिरविलें. "ही गाडी मागं घेताना खांबाला लागलीय. गाडी चालवणारा कोणीही बघितल्याबरोबर सांगेल."

मी कांहीं बोललों नाहीं.

"आणि अर्ध्या तासाचं काम होतं. आतून लांकडाचा ठोकळा धरून चार हातोड्या दिल्या कीं पत्रा बाहेर. इतकी वर्षं वडिलांनी काढून का नाही घेतला?"

कॅशिअर चहा गाळावयास उठले. विद्यार्थिनीनें मिस्त्रींच्या हातून मोटार अलगद काढून घेतली आणि मागची कोरी पट्टी दाखवून विचारलें, नंबर कोणता छापून आणूं? तो मला पाठ होता. मीं सांगितला, आणि तिनें तो हातावर लिहून घेतला.