पांझरेकाठचा कीचक

धुळ्यात पांझरेवरचा पूल ओलांडलात की देवपूर लागतं. इंग्रजांच्या राज्यात इथं एक नाटक करायची चोरी होती, माहीत आहे? खाडिलकरांचं ‘कीचकवध’! ते १९०७ साली रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, पण द्रौपदीला छळणाऱ्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला. सरकार बिथरलं. १९१० मध्ये मुंबई सरकारनं नाटकावर बंदी घातली. धुळे तेव्हा पश्चिम खानदेशाचं मुख्य ठाणं, त्यामुळे पांझरेकाठीही तोच हुकूम!

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सची तऱ्हा निराळी. इ.स.पूर्व ४२४ मध्ये अॅरिस्टोफेनिसनं क्लिऑन या बड्या पुढाऱ्याची भर उत्सवात टर उडवली. त्या नाटकाला चक्क पहिलं बक्षीस मिळालं! आणि गंमत म्हणजे, त्याच वर्षी अथेन्सकरांनी क्लिऑनला सेनापतीही निवडलं.