भांडुपचा आवाज, लॅमिंग्टनचा पार्ट

बाबांचा रिसीव्हर मुका झालाय? पॉवर ऑन केली की लाल दिवा मिचमिचतो, पण रिलेचा तो ओळखीचा ‘टक्’ काही येत नाही? मग ‘भंगारात द्या, ब्लूटूथ स्पीकर आणू या’ असं घरात म्हणण्याआधी जरा थांबा बॉस! तुम्ही भांडुपकर असाल तर यावरचा इलाज लोकलच्या टप्प्यात आहे.

भांडुप हे मूळचं कारखान्यांचं उपनगर. गेस्ट कीन विल्यम्स, एशियन पेंट्स, सिएट ही नावं इथल्या आधीच्या पिढीला पाठ. त्या पिढीच्या घरात म्युझिक सिस्टीम आली ती बहुधा बोनसच्या पैशांनी, आणि तिच्यावर क्रोशाचं कव्हर घालून ती जपली गेली. आता एलबीएस मार्गावर टॉवर उभे राहिले, डोंगरउतारावरच्या चाळीतून कित्येक कुटुंबं तिथे राहायला गेली. सोबत सिस्टीमही गेली… आणि थेट टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात जाऊन बसली. गडबड इथेच होते!

रिसीव्हरमध्ये स्पीकरला करंट पुरवण्याचं जड काम करतात ते आउटपुट ट्रान्झिस्टर. जाड ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर ते स्क्रूने बसवलेले असतात. त्यांना हवा लागते. बंद कप्प्यात ते भाजून निघतात. त्यात गणपतीत आवाज मोठा हवा म्हणून कोणी आठ ओहमच्या दोन स्पीकरना एकाच जागी समांतर जोडतं. झाले चार ओहम, म्हणजे करंट जवळपास दुप्पट! कधी स्पीकरच्या वायरची एखादी तार शेजारच्या तारेला चिकटते. ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि प्रोटेक्शन सर्किट रिले उघडाच ठेवतं. सेट मुका होतो, पण त्यामुळेच स्पीकर वाचतो.

आता भांडुप स्टेशनवरून स्लो पकडा, दादरला वेस्टर्नला बदला आणि ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरा. चार पावलांवर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात मात्र लॅमिंग्टनच. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. जुन्या सेटचा ‘टू-एन ३०५५’ असो की नंतरच्या सेटमधली ‘टू-एस-सी ५२००’ आणि ‘टू-एस-ए १९४३’ ही जोडी, काउंटरवर नुसता नंबर सांगायचा.

पण जपून! ही जोडी मूळची तोशिबाची, आणि तिच्या नकला जगभर विकल्या जातात. बाहेरून कव्हर तेच, आत सिलिकॉनची चिप मात्र चिमुकली. हळू आवाजात ती निभावते, व्हॉल्यूम वाढवला की उडते. भाव फारच स्वस्त सांगितला तर खूश होऊ नका. खात्रीचं दुकान आणि पक्कं बिल, हेच खरं.

पार्ट आणलात, तरी सोल्डरिंग स्वतः करायचा हट्ट नको. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून बसतात. आपल्या एरियातला जुना रेडिओ-टीव्हीवाला मेकॅनिक गाठा. काका ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले की लगेच निघू नका. चार गोष्टी विचारा. एक, फक्त उडालेलाच बदलणार की त्या चॅनेलची अख्खी जोडी? जोडीच बदलायची. दोन, ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि एमिटर रेझिस्टर तपासणार ना? ते तसेच खराब राहिले तर नवा मालही पहिल्याच मिनिटाला उडतो. तीन, अभ्रकाची चकती आणि हीटसिंक पेस्ट नवी लावणार? चार, पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब लावणार?

हा बल्ब म्हणजे गरिबाचा विमा! सेटच्या वाटेत साठ-शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब. तो लखलखीत पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. क्षणभर चमकून मंदावला तर बहुधा सगळं ठीक. मग आउटपुटवर डीसी जवळपास शून्य आहे ना ते बघायचं, सेट गरम झाल्यावर बायस लावायचा, आणि स्पीकर अगदी शेवटी जोडायचे. एवढी सगळी पायरी पाळणारा मेकॅनिक मिळाला तर त्याच्याशी मजुरीची घासाघीस करू नका. ट्रान्झिस्टर लॅमिंग्टनला विकत मिळतो, हा हात मिळत नाही.

डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, तेव्हा शहरात या हक्काची चर्चा झाली. पण हक्क वापरायला दुरुस्त करणारा माणूस तर हवा! आपण सेट भंगारात देत राहिलो, तर गल्लीतलं ते दुकानही एक दिवस मोबाइल कव्हरचं होईल.

तेव्हा येत्या शनिवारी हाफ डे असेल तर सेट पिशवीत घाला आणि निघा. घरी परत आणलात की कप्प्याचं मागचं पाटं तेवढं काढून टाका, त्यालाही श्वास घेऊ द्या!