भीमेच्या वरच्या अंगाला

आमचे मामा बारामतीहून निघालेल्या एका यात्रेच्या गाडीतून नेपाळ पाहून आले आणि तेव्हापासून इंदापुरात चार माणसं जमली की काठमांडू निघतंच. पशुपतिनाथ झाला, बागमतीचे घाट झाले, की मामा स्वयंभूनाथाच्या टेकडीवर चढू लागतात. "३६५ पायऱ्या, बरं का! वर बुद्धाचा स्तूप, आणि त्याच्याच अंगणात हारतीमातेचं देऊळ. तिच्यापुढं हिंदूही हात जोडतात आणि बौद्धही. आपल्याकडं आहे असं काही?"

"आहे की," मी म्हटलं, "आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे."

"मग दाखव!"

मामांना नाही म्हणण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. कार्तिकातल्या एका पहाटे आम्ही निघालो.

भीमाकाठच्या माणसाची वाट सहसा पाण्याच्या ओघाबरोबर जाते. तुकोबांची पालखी दर आषाढीला बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पंढरीकडे उतरते. आम्हीही तिच्यामागून उतरतो. तालुक्याच्या टोकाला नरसिंहपुराशी नीरा भीमेला मिळते. १८८५ साली नीरेचा डावा कालवा आला आणि बारामतीकडचं रान पालटलं. १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. धरण फार आटलं की ते पुन्हा उघडं पडतं आणि लोक होडीतून पाहायला जातात. पाणी हाच आमचा देव आणि पाण्यावरूनच आमची भांडणं. पण ते येतं त्या डोंगरांत हिंडून यावं, असं मनात आणणारा विरळा.

वाटेत मोरगाव. हे आमच्या बारामती तालुक्यातलंच, आणि अष्टविनायकाची यात्रा इथूनच सुरू करायची असते. गणपतीसमोर भलाथोरला नंदी बसलेला आणि तटाच्या चारी कोपऱ्यांवर मिनार! शुद्धतेचा फार आग्रह धरणाऱ्यानं इथूनच मागं फिरावं हे बरं.

जुन्नरच्या उत्तरेला, कुकडीच्या पलीकडे, लेण्याद्रीचा डोंगर आहे. संरक्षित स्मारक म्हणून पायथ्याशी तिकीट काढावं लागतं. आमच्यापुढच्या एक बाई कुरकुरल्या, "देवाच्या दर्शनाला तिकीट?" त्यांच्या मागं पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, आम्ही बुद्धाच्या लेण्याला आलोय. आम्हालाही तेवढंच पडतं." बाईंना उत्तर सुचलं नाही. पायऱ्या मात्र दोघी बरोबरच चढल्या, कारण गुडघे दोघींचेही दुखत होते.

वर सुमारे तीस लेणी एका ओळीत आहेत. सातव्यात गिरिजात्मज गणपती. दालन चांगलं पन्नास फुटांवर लांबरुंद, आणि मध्ये एक खांब नाही! तिन्ही भिंतींत भिक्षूंच्या २० खोल्या. समोरच्या भिंतीतल्या दोन खोल्या एक करून तिथं देव बसवला आहे. शेजारचं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह. ते कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं दिलं, असा लेख तिथं कोरलेला आहे.

आजींबरोबर आलेला एक तरुण जरा तावातावानं बोलत होता : "हे आधी आमचं. कुणी सांगतं का इथं?" शेजारचा एक जण म्हणाला, "आता देव बसलाय ना, मग झालं!" आवाज चढू लागले. मामा मध्ये पडणार असं वाटलं, पण ते गप्प राहिले. मला विचाराल तर तरुणाचं म्हणणं खोटं नव्हतं. पार्वतीच्या तपाची कथा सगळ्यांना पाठ. या खोल्या कुणी कोरल्या विचारा, तर नुसत्या माना हलतात. देवाला नमस्कार करताना घर कुणी बांधलं ते सांगायला काय हरकत आहे?

समोर शिवनेरी दिसतो. १६३० साली शिवाजीमहाराज जन्मले तो किल्ला. तिथंही शिवाईच्या देवळामागं लेणी आहेत. मानमोडीच्या डोंगरात बौद्ध लेण्यांतच जैनांची अंबिका आहे. तुळजा लेण्यात बारा खांबांचं गोल चैत्यगृह, आणि शेजारच्या एका लेण्यात तुळजाभवानी. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. हे ऐकून मामा एका टाक्यापाशी बसकण मारून बसले. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला याहून मोठं पुण्य ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी नाणेघाट. कुकडीचा उगम इकडचाच. तिचं पाणी घोड नदीतून भीमेला आणि भीमेतून आमच्या उजनीला जातं. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. त्यात अश्वमेधांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई-हत्तींची मोजदाद आहे. यज्ञ करणारं हे घराणं. पण याच घराण्यातल्या गौतमीपुत्रानं कार्ल्याच्या भिक्षूंना करजक गाव दिलं. मौज अशी, की ते गाव आधी क्षत्रपांच्या उषवदातानं भिक्षूंना दिलेलं होतं. गौतमीपुत्रानं क्षत्रपांचा पाडाव केला, पण त्यांचं दान मोडलं नाही. हल्ली पंचायत समितीत सत्ता पालटली तरी आधीच्यांनी धरलेला रस्ता अर्धा राहतो!

परतीला तळेगावावरून कार्ल्याकडे वळलो. तिथला चैत्य १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद; छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागच्या जागी. आणि दाराला लागूनच कोळ्यांची आई एकवीरा! तिचा नैवेद्य निराळा, भिक्षूंचा धर्म निराळा. बाहेर ढोल वाजत होता, आत त्याचा नुसता घुमारा येत होता. मामा स्तूपाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हारतीमाता इथं भेटली."

पुण्याच्या वाटेवर देहूरोड लागतं. तिथं २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्ती बसवली. नागपूरची दीक्षा त्यानंतर, १९५६ साली. जवळच तुकोबांचा भंडारा डोंगर, आणि त्याच्याही पोटात बौद्ध लेणं. इतक्या वाऱ्या केलेल्या मामांना हे माहीत नव्हतं. "मग चढू या की," ते म्हणाले, आणि ड्रायव्हरचं तोंड उतरलं.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पावसाळा ओसरल्यावर जावं. धबधबे सरलेले असतात, पण डोंगर हिरवे असतात. चैत्रात कार्ल्याला जत्रेची गर्दी असते. लेणं निवांत पाहायचं तर ते दिवस टाळावेत. नाणेघाटात वारा उभं राहू देत नाही, टोपी सांभाळावी. लेण्याद्रीला माकडं आहेत. केळी पिशवीतून बाहेर काढू नयेत. मामांची दोन डझन गेली.