एका पट्टीवर दोन मास्टर

भालकीतल्या माझ्या दुकानात टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर आहे. २००४ साली घेतलेला पेन्टियम फोर. मूळचा पांढरा, आता दुधाच्या चहासारखा. डीटीपीचे काम करणाऱ्या माणसाने असले धूड अजून का सांभाळावे, असे गिऱ्हाइके विचारतात. त्याचे कारण त्याच्या पाठीला लागलेले आहे. मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर मी तेव्हा पैसे मोजून घेतले, त्याबरोबर बोटभर लांबीचे एक लॉक आले. ते प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टातच बसते आणि ते बसल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नसतो. शिवाय त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. ती फाइल दुसरीकडे उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण रफार आणि जोडाक्षरे आली की त्यांचा पाय कुठेतरी घसरतोच. त्यामुळे इतक्या वर्षांच्या लग्नपत्रिका, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला 'नुडी'तले कन्नड, सगळ्या त्या एका डब्यात.

२०२२च्या लग्नसराईत त्या डब्यातून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला. हार्ड डिस्कचा हा आवाज ज्याने एकदा ऐकला तो दुसऱ्यांदा ऐकताना आधी खुर्ची पाहतो. दुरुस्तीला येणारा पोरगा हुमनाबादचा. घरी कन्नड, दुकानात मराठी, आणि स्क्रू हातातून निसटला की दखनी.

"काका, नवाच घ्या की सरळ. ह्याला किती दिवस सलाईन लावणार?"

"नवा नको बाबा. ह्याच्यातच डिस्क वाढव."

त्याला वाटले, म्हातारा पैसे वाचवतोय. खरी गोष्ट वेगळी होती. कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दुसरी एक डिस्क होती. ती अण्णांची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक होते. घरात मराठी, निजामाच्या राज्यातली शाळा उर्दू, आणि नोकरी लागली तेव्हा कचेरीची भाषा कन्नड. निवृत्तीनंतर रोज दुपारी ते दुकानात येत आणि १९९९ साली घेतलेल्या माझ्या पहिल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करत बसत. आमच्याकडचे शब्द गोळा करण्याचा नाद त्यांना लागला होता. तूप हे कन्नड 'तुप्प'च्या शेजारी, अडकित्ता 'अडके' म्हणजे सुपारीच्या शेजारी, आणि प्रत्येक शब्दाखाली तो कोणाच्या तोंडून, कुठल्या बाजारात ऐकला त्याची एक ओळ. २००९ साली ते गेले. कॉम्प्युटर भंगारात गेला. डिस्क तेवढी मी काढून ठेवली. "ते शब्द काढलेस का रे?" असे उदगीरची अक्का दर दिवाळीला विचारायची, आणि मी दर दिवाळीला "करतो" म्हणायचो. तेरा वर्षे मी नुसता करतो म्हणालो.

जाता जाता एक सांगतो. जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे टनभर, आणि मावणार जेमतेम ५० लाख अक्षरे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमचा बिदर जिल्हा चिरला गेला. उदगीर मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूर राज्यात. पुढे अक्काचे सासर रेल्वेने कमलनगर ओलांडले की लागणारे, तरी दुसऱ्या राज्यातले झाले. अण्णांचे सगळे शब्द त्या टनभर यंत्रात सहज मावले असते.

पोराने हैदराबादहून ५०० जीबीची सॅटा डिस्क आणली. याहून मोठी नको म्हटले. विंडोज एक्सपीला २ टीबीच्या पुढचे मोजताच येत नाही. जुन्या ४० जीबीच्या डिस्कला चाळीस पिनांची रुंद पट्टी लागते, नवीला बोटाएवढी वायर. सुदैवाने माझ्या मदरबोर्डावर दोन्ही सोयी होत्या. पॉवरला मात्र जुनाच चार पिनांचा पांढरा प्लग: पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, मधल्या दोन काळ्या. तिथे छोटा जोड लावावा लागला. डिस्कला जाड आट्याचा स्क्रू, सीडी ड्राइव्हला बारीक आट्याचा. हे मी पूर्वी एकदा उलटे करून आटे मारून ठेवले होते, म्हणून ते खोके माझ्या हातात दिलेच नाही. दोन डिस्कांमध्ये वाऱ्यासाठी एक खण मोकळा ठेवला.

सुरू केल्यावर नवी डिस्क दिसेना. बायॉसमध्ये सॅटाचे खाते 'लेगसी'वर होते, ते 'एन्हान्स्ड' केल्यावर दिसली. मग फॉरमॅट, आणि रात्रभर कॉपी. दोन-चार फाइली सोडता पत्रिका सगळ्या उतरल्या.

सकाळी अण्णांची डिस्क बाहेर काढली. इतकी वर्षे पडून राहिलेली डिस्क एकदा फिरेल, दुसऱ्यांदा फिरेलच असे नाही. म्हणून नवी जागा आधी तयार केली होती आणि आधी काय उचलायचे ते कागदावर लिहून ठेवले होते. जुन्या डिस्कच्या पट्टीवरच दुसरे टोक मोकळे होते, ते मी स्वतः लावले. बटण दाबले. दोन्ही डिस्का गायब. कॉम्प्युटर म्हणतो, सुरू व्हायला डिस्कच नाही.

मी मटकन खाली बसलो. अण्णांचे तर गेलेच, हातचेही गेले, असे वाटले. पोराने बॅटरी मारून आत पाहिले आणि हसला.

"काका, दोघेही मास्टर झालेत. एका पट्टीवर दोन मास्टर चालत नाहीत. एकाला स्लेव्ह करावं लागतं."

ज्यांनी हा नियम केला त्यांनी आमचा जिल्हा पाहिलेला नसावा. असो. डिस्कच्या मागे ज्वारीच्या दाण्याएवढी एक टोपी असते, जंपर म्हणतात. लेबलावरच्या चित्राप्रमाणे ती चिमट्याने उपटून दुसऱ्या पिनांवर बसवली. अण्णा जन्मात कोणाच्या हाताखाली राहिले नाहीत. त्या दिवशी त्यांना तासभर राहावे लागले.

डिस्क फिरली. घरघर करत, पण फिरली. अण्णांनी प्रत्येक अक्षराची वेगळी फाइल केली होती, 'अ'पासून 'प'पर्यंत. एकेक नव्या डिस्कवर चढत गेली. 'ग'पाशी थांबली. दोनदा प्रयत्न केला, दोनदा तीच चूक दाखवली. "ताणू नका, बाकीच्या जातील," पोरगा म्हणाला. 'ग' तिथेच सोडला आणि पुढचे उचलले. शेवटी 'ग'साठी पुन्हा वळलो, तोवर डिस्क फिरायची थांबली होती.

लॉक लावून 'त'ची फाइल उघडली. तूप होते. खाली ओळ होती: 'आईच्या तोंडून, भालकी.'

आता तीन प्रती आहेत. एक या डब्यात, एक घरी. तिसरी कागदावर छापून उदगीरला पाठवली. हा डबा इंटरनेटला जोडत नाही. एक्सपीची राखण कंपनीने २०१४ सालीच सोडली.

'ग' गेला हे अक्काला फोनवर सांगताना मला शब्द सापडेना. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अण्णा लिहायचे ते आधी मलाच विचारून लिहायचे. पाठवते मी."

पंधरा दिवसांनी टपालाने शाळकरी वही आली. पेन्सिलीने लिहिलेले एकेचाळीस शब्द, प्रत्येकाखाली एक ओळ. त्यातले तीन 'घ'चे आहेत. ते मी तिला अजून सांगितलेले नाही.